उघडे सँडविच ओले का पडते? उन्हाळ्यातील नेहमीच्या बिघाडाची क्रमवार तपासणी

लक्षणे

दूध, अंडी आणि मांस वगळून केलेले, एकाच स्लाइसवर सारे साहित्य मांडलेले ओपन सँडविच थंडीच्या दिवसांत फारसा त्रास देत नाही. उन्हाळा आला की मात्र त्याच्याविषयीच्या तक्रारी सुरू होतात. सांगणाऱ्याचे शब्द वेगळे असले तरी बिघाड बहुतेक वेळा पुढीलपैकीच एखादा असतो.

– उचलताच स्लाइस मधोमध वाकतो आणि वरच्या चकत्या घसरून बशीत पडतात.
– स्लाइस उचलल्यावर बशीत त्याच्याच आकाराची ओल दिसते.
– हमस (काबुली चणे वाटून केलेला लेप), काजूचा लेप किंवा सोयाचे दही यांच्या कडेने पाण्याची बारीक रेघ सुटते.
– पाने मलूल पडतात, त्यांच्या कडा गडद आणि पारदर्शक दिसू लागतात.
– अ‍ॅव्होकाडो तपकिरी पडतो किंवा बिटाचा रंग सगळीकडे पसरतो.
– ब्रेड वरून कोरडा असूनही आत चिकट लागतो.
– चव आंबूस लागते, किंवा खाल्ल्यानंतर काही तासांनी पोट बिघडते.

अ‍ॅव्होकाडोचे तपकिरी पडणे सोडले तर पहिल्या पाच लक्षणांमागे बहुधा पाण्याचीच हालचाल असते: ज्या पदार्थात पाणी जास्त आहे त्यातून ते सुटते आणि ज्यात कमी आहे त्यात मुरते. टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के आणि काकडीत त्याहून थोडे जास्तच पाणी असते, तर भाजलेल्या ब्रेडच्या पृष्ठभागात ते फारच कमी उरलेले असते, त्यामुळे या दोघांना एकमेकांवर ठेवले की ओल कोणत्या दिशेने जाणार हे ठरलेलेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की ती किती वेगाने जाते आणि वाटेत तिला काही अडवते की नाही. शेवटची दोन लक्षणे वेगळ्या जातीची आहेत. त्यांचा विचार सर्वांत शेवटी केला आहे, परंतु ती दिसत असतील तर आधीच्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट तिकडे जावे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी

बिघडलेले एक सँडविच मोडून पाहावे. वरचे साहित्य बाजूला काढावे, लेप सुरीने खरवडावा आणि स्लाइस मधून कापून त्याचा छेद उजेडात धरावा. वरचा भाग ओला आणि तळ कोरडा असेल तर पाणी साहित्यातून किंवा लेपातून आलेले आहे. तळ ओला आणि वरचा भाग ठीक असेल तर दोष साहित्याचा नाही. गरम स्लाइस बशीत ठेवल्यामुळे त्याची वाफ खाली अडकलेली आहे. दोन्ही बाजू ठीक असून फक्त मधला गाभा चिकट असेल तर ब्रेडच संशयास्पद आहे. एवढ्या एका पाहणीने पुढील अर्ध्या तपासण्या वाचतात, तरीही लोक ती करत नाहीत आणि सरळ नवा ब्रेड आणतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

पहिली तपासणी: मांडणी आणि खाणे यांत किती वेळ जातो

या तपासणीला काहीच खर्च नाही आणि तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. पाहुणे येण्याच्या दोन तास आधी सगळी सँडविचे मांडून ठेवली असतील, तर पाककृती कितीही चांगली असली तरी ती ओली पडणारच. स्लाइस भाजणे, लेप तयार करणे, भाज्या चिरणे ही सर्व कामे आधी करून ठेवता येतात. फक्त त्यांची एकमेकांशी गाठ शेवटच्या १५ मिनिटांत घालावी. मीठ आणि लिंबाचा रस तर वाढण्याच्या क्षणीच घालावा, कारण मीठ पडताच चिरलेल्या भाजीतून पाणी सुटू लागते. डब्यात न्यायचे असेल तर ब्रेड, लेप आणि भाज्या तीन वेगळ्या डब्यांत न्याव्यात. वेळ कमी केल्यावर तक्रार पूर्ण थांबली, तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही.

दुसरी तपासणी: स्लाइस भाजल्यानंतर कुठे ठेवला

भाजलेला स्लाइस टोस्टरमधून काढल्यावरही काही मिनिटे वाफ सोडत असतो. तो सपाट बशीत ठेवला किंवा एकावर एक रचला की ही वाफ बाहेर पडू शकत नाही, थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते आणि तेच पुन्हा ब्रेडमध्ये मुरते. स्लाइस जाळीवर सुटे ठेवावेत. जाळी नसेल तर दोन स्लाइस एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करावेत. पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते दहा मिनिटे, त्यांवर काहीही लावू नये.

किती भाजावे यालाही महत्त्व आहे. रंग येणे आणि कोरडे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीव्र आचेवर स्लाइस दोन मिनिटांत तपकिरी होतो, पण त्याच्या आतला गाभा ओलाच राहतो. पाण्याचा अंश असलेले साहित्य ठेवायचे असेल तर ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला सुमारे दहा मिनिटे, मध्ये एकदा उलटून, भाजणे जास्त उपयोगी ठरते. तव्यावर असेल तर मंद आच ठेवून थोडा अधिक वेळ द्यावा. बोटाने मध्यभागी दाबल्यावर स्लाइस दबता कामा नये.

तिसरी तपासणी: भाज्यांचे पाणी

येथे बहुतेकांचा दोष सापडतो, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवतो.

आधी सुरी पाहावी. बोथट सुरी टोमॅटो कापत नाही, चिरडते. प्रत्येक चिरडलेल्या पेशीतून रस गळतो आणि तो थेट ब्रेडवर येतो. पुदिना, तुळस, कोथिंबीर यांसारखी कोवळी पाने बोथट सुरीखाली कडेने काळी पडतात, त्याचेही कारण हेच. सुरीला धार लावणे फुकटात होते आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो.

काकडीच्या चकत्या साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या करून चाळणीत पसराव्यात, पाव किलो चकत्यांना पाव चमचा या प्रमाणात मीठ भुरभुरवावे आणि १५ मिनिटे थांबावे. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच प्रत्येक चकतीवर बारीक थेंब जमलेले दिसतात. मग ते एकमेकांना मिळतात, चकतीच्या कडा काचेसारख्या होतात आणि चाळणीखालच्या भांड्यात फिकट हिरवे पाणी साचू लागते. सुरुवातीला वाकवल्यावर कटकन मोडणारी चकती आता न मोडता दुमडते. हे सर्व पाणी एरवी ब्रेडमध्ये गेले असते. बाहेरच्या मिठामुळे पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, ही साधी परासरणाची क्रिया आहे. चकत्या कापडावर पसरून हलक्या हाताने टिपाव्यात, आणि लेपात किंवा वरून पुन्हा मीठ घालताना हे आधीचे मीठ लक्षात ठेवावे.

टोमॅटोचे तंत्र थोडे वेगळे आहे. त्याचे सुटे पाणी मुख्यतः बियांभोवतीच्या गरात असते. तो गर चमच्याने काढून टाकला की उरलेला मांसल भाग पुष्कळच आटोक्यात येतो. मात्र टोमॅटोची चवदार खुमारी याच गरात जास्त असते, म्हणून तो फेकून देणे मला पटत नाही. लहान भांड्यात तो आटवावा आणि घट्ट झाल्यावर लेपात मिसळावा. पाणी जाते, चव राहते. चकत्यांवर किंचित मीठ घालून त्या दहा मिनिटे कागदी रुमालावर ठेवाव्यात आणि मांडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी टिपाव्यात.

पानांची तक्रार बहुधा धुण्याची नसून कोरडे करण्याची असते. धुतलेल्या पानाच्या मुडपीत अडकलेले थेंब डोळ्यांना दिसत नाहीत. पाने स्वच्छ कापडात सैल गुंडाळून झटकावीत, कापड ओले झाले तर दुसरे घ्यावे. आधीच मलूल झालेली पाने बर्फाच्या पाण्यात १५ ते ३० मिनिटे ठेवली तर पेशींत पाणी भरून ती पुन्हा ताठ होतात, पण नंतर ती पूर्ण कोरडी करावीच लागतात. आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: पाने व्हिनेगरपेक्षा तेलाने लवकर कोमेजतात. पानावर मेणासारखे नैसर्गिक आवरण असते, ते पाण्याला अडवते, तेलाला नाही. म्हणून तेलाचे ड्रेसिंग पानांना आधी चोळून ठेवू नये. वाढताना वरून सोडावे.

चिरलेला कांदा थंड पाण्यात दहा मिनिटे ठेवून उग्रपणा कमी केला असेल, तर तोही टिपून घ्यावा.

चौथी तपासणी: ब्रेड आणि ओल यांच्यामध्ये स्निग्ध थर आहे का

भाज्या कितीही कोरड्या केल्या तरी थोडे पाणी सुटतेच. ते अडवायला तेल-तुपासारख्या स्निग्ध पदार्थाचा सलग थर लागतो. लोणीयुक्त सँडविचात हे काम लोणी आपोआप करत असते. वनस्पतिजन्य पर्यायाकडे वळताना लोणी वगळले जाते आणि त्याचे हे अदृश्य कामही त्याच्याबरोबर जाते. “तीच भाजी, तोच ब्रेड, पण आता ओले पडते” ही तक्रार ऐकली की मी आधी हाच थर तपासायला सांगतो.

थर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्यात पाणी किती आहे. मार्गारिनमध्ये, म्हणजे वनस्पती तेलाच्या लोण्यासारख्या पदार्थात, साधारणपणे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि ते चांगले काम देते. ‘लाइट’ म्हणून मिळणाऱ्या प्रकारांत निम्म्याहून अधिक पाणीही असू शकते, आणि पाणी अडवण्यासाठी पाणीच लावण्यात काही अर्थ नाही. डब्यावरील स्निग्धांशाचा आकडा वाचावा. दुसरी गोष्ट, तो पदार्थ तुमच्या खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो का. नारळाचे तेल साधारण २४ अंशांना वितळते. हिवाळ्यात त्याचा पांढरा, घट्ट थर उत्तम काम करतो, पण उन्हाळ्याच्या दुपारी ते पातळ होऊन ब्रेडच्या छिद्रांत उतरते आणि थर उरतच नाही. ऋतू बदलताच एखादी सवयीची कृती बिघडण्यामागे हे एक हमखास सापडणारे कारण आहे. ऑलिव्ह तेलाचेही असेच. चवीसाठी ते जरूर घ्यावे, अडथळा म्हणून त्यावर विसंबू नये. तिसरी गोष्ट, थर लावताना स्लाइस गार होता का. गरम स्लाइसवर घट्ट मार्गारिनसुद्धा वितळून आत मुरते.

माझ्या मते उन्हाळ्यासाठी सर्वांत भरवशाचा थर शेंगदाणे, बदाम किंवा काजू यांच्या लोण्याचा, किंवा तिळाच्या ताहिनीचा असतो. यांत पाणी जवळजवळ नसते आणि दाण्यांच्या बारीक भरड्यामुळे ते उन्हातही ब्रेडमध्ये झटकन उतरत नाहीत. थर पातळ चालेल, मात्र तो कडेपर्यंत सलग हवा. मध्यभागी लावून कडा मोकळ्या सोडल्या तर पाणी कडेने शिरते आणि तेथूनच स्लाइस खचू लागतो. दुसऱ्यांसाठी करत असाल तर या थरात कोणते दाणे आहेत ते आधी सांगावे. शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ आणि सोया या चारही गोष्टींची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी असते.

पाचवी तपासणी: लेपच पाणी सोडतो आहे का

हमस स्निग्ध लागते म्हणून ते ब्रेडचे रक्षण करते, असा समज आहे. प्रत्यक्षात हमसमध्ये तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात. बाहेरची बाजू पाण्याची असल्यामुळे ब्रेड त्यातूनच ओल शोषून घेतो. म्हणून हमस स्निग्ध थराच्या वर असावे, त्याच्या जागी नव्हे.

लेपाची परीक्षा सोपी आहे. कागदी रुमालाची दुहेरी घडी करून त्यावर एक चमचा लेप ठेवावा आणि दहा मिनिटांनी पाहावे. लेपाभोवती ओलीचे वर्तुळ उमटते. ते नखाच्या रुंदीपेक्षा मोठे असेल तर लेप सैल आहे. कागद वाळू द्यावा: पाण्याचा डाग वाळल्यावर नाहीसा होतो आणि तेलाचा डाग पारदर्शक राहतो, त्यामुळे नेमके काय सुटत होते तेही कळते. तेलाच्या डागाची चिंता करण्याचे कारण नाही. पाण्याचा डाग मोठा असेल तर पुढील उपाय करावेत.

हमससाठी शिजवलेले काबुली चणे वाटण्यापूर्वी पूर्ण निथळावेत आणि पाणी चमच्याचमच्याने घालावे. ताहिनीत थोडे पाणी किंवा लिंबाचा रस घातला की ती आधी एकदम घट्ट, कोरड्या गोळ्यासारखी होते आणि आणखी थोडे पाणी मिळाल्यावरच सैल, पांढरट व मऊ होते. त्या घट्ट अवस्थेत घाबरून अंदाजाने पाणी ओतले जाते आणि तेच नंतर बाहेर पडते. सैल झालेले हमस कापडात बांधून फ्रिजमध्ये तासभर टांगावे, किंवा त्यात आणखी ताहिनी घालावी. सोयाचे किंवा इतर वनस्पतिजन्य दही कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवावे. काजू भिजवल्यावर ते भिजलेले पाणी टाकून द्यावे आणि वाटताना शक्य तितके कमी पाणी घ्यावे. ऐन वेळी दुसरे काही सुचले नाही तर वाटीभर लेपात चमचाभर चिया घालून १५ मिनिटे थांबावे. ती पाणी धरून ठेवते, फक्त थोडा बुळबुळीतपणा सहन करावा लागतो.

टोफू कापडात गुंडाळून दोन ताटांमध्ये ठेवावा आणि वर वजन ठेवून अर्धा तास दाबावा. तो आधी गोठवून मग वितळू दिला तर बर्फाच्या कणांमुळे आत पोकळ्या तयार होतात आणि दाबल्यावर पाणी पुष्कळ जास्त निघते; पोत मात्र चिवट होतो, जो मला ओपन सँडविचवर आवडतो, सर्वांना आवडेलच असे नाही.

सहावी तपासणी: फक्त रंग बिघडतो आहे का

अ‍ॅव्होकाडो तपकिरी पडतो तो पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे), आणि या क्रियेला हवा लागते. लिंबाचा रस ती मंद करतो, पण थांबवत नाही. प्लास्टिकची फिल्म पृष्ठभागाला चिकटवून हवा अडवणे जास्त परिणामकारक आहे. वाटलेल्या अ‍ॅव्होकाडोत बी ठेवल्याने फक्त बीखालचा भाग हिरवा राहतो. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून त्याच्या फोडी टिपून सर्वांत शेवटी आणि पांढऱ्या लेपापासून दूर, पानावर ठेवाव्यात. हे दोन्ही दिसण्याचे प्रश्न आहेत. खाण्याला त्याने बाधा येत नाही.

सातवी तपासणी: ब्रेड

येथपर्यंत सर्व ठीक असूनही स्लाइस खचत असेल तर ब्रेड बदलावा. मऊ, फुगीर, पातळ कापलेला पांढरा ब्रेड या कामासाठी नाही. घट्ट विणीचा, अख्ख्या धान्याचा, राय या धान्याचा किंवा सावरडो (नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाच्या) प्रकारचा ब्रेड एक ते दीड सेंटिमीटर जाड कापून घ्यावा. आदल्या दिवशीचा असेल तर उत्तम. ब्रेड फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण त्यातील पिष्टाचे पुन्हा स्फटिक होण्याची क्रिया फ्रिजच्या तापमानातच सर्वांत वेगाने होते आणि ब्रेड कोरडा, भुसभुशीत होतो. मांडलेले सँडविच फ्रिजमध्ये ठेवले की ते वरून ओले आणि आतून शिळे असे दुहेरी बिघडते. ब्रेड साठवायचा असेल तर स्लाइस करून गोठवावा आणि फ्रीझरमधून काढून थेट भाजावा.

ब्रेड घरी भाजत असाल आणि गाभा दर वेळी चिकट राहत असेल, तर मध्यभागी तापमापक खुपसून पाहावे. बहुतेक ब्रेड आतून ९३ ते ९९ अंशांपर्यंत गेले की पूर्ण भाजलेले असतात. गरम असताना कापलेला ब्रेडही चिकट लागतो, आणि रायचा ब्रेड तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कापूच नये.

उन्हाळ्यातला एक वेगळा बिघाड येथे ओळखावा लागतो. गाभा चिकट आहे, त्याला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येतो आणि तुकडा ओढल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा सुटतात, असे असेल तर तो ओलावा नाही. ती जिवाणूंची वाढ आहे. या जिवाणूंचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही टिकतात आणि उबदार, दमट हवेत पुन्हा वाढू लागतात. असा ब्रेड भाजून सुधारत नाही. तो टाकून द्यावा, ब्रेडचा डबा आणि ब्रेड कापायची फळी व्हिनेगरने पुसून पूर्ण वाळवावी आणि त्यानंतरच नवा ब्रेड ठेवावा. बुरशी दिसलेला ब्रेडही तेवढाच भाग काढून वापरू नये. मऊ पदार्थात तिचे धागे दिसतात त्यापेक्षा खोलवर गेलेले असतात.

आठवी तपासणी: तापमान आणि फ्रिज

वनस्पतिजन्य असल्यामुळे हे पदार्थ बाहेर ठेवले तरी चालतात, ही समजूत धोक्याची आहे. शिजवलेले चणे आणि इतर कडधान्ये, टोफू, चिरलेले टोमॅटो, चिरलेली पालेभाजी, कापलेले टरबूज-खरबूज यांत जिवाणू सहज वाढतात. सर्वसाधारण नियम असा की असे पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नयेत. उन्हात मांडलेल्या टेबलावर हा तास फार लवकर संपतो.

आधी तयार केलेले लेप दुसऱ्याच दिवशी आंबत असतील तर फ्रिज तपासावा. पाण्याने भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवून त्यात तापमापक रात्रभर सोडावा. दार उघडताच हवेचे तापमान बदलते, पाण्याचे तितक्या लवकर बदलत नाही, म्हणून हे वाचन खरे मानावे. ते ४ ते ५ अंशांच्या आत हवे. जास्त असेल तर क्रमाने पुढील गोष्टी कराव्यात: नियंत्रकाची खूण पाहणे, आतील हवेची झरोके डब्यांनी झाकली गेली असतील तर मोकळी करणे, दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ती सहज निसटते का ते पाहणे, प्लग काढून मागील किंवा खालील जाळीवरची धूळ साफ करणे आणि भिंतीपासून थोडे अंतर ठेवणे. त्यानंतर २४ तास वाट पाहून पुन्हा मोजावे.

येथे थांबावे

वरील सर्व करूनही पाणी ५ अंशांच्या खाली येत नसेल, मोटर अखंड चालत असेल, जळका वास येत असेल किंवा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढून फ्रिज दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे. शीतवायूची बंद यंत्रणा घरी उघडण्याची गोष्ट नाही. अनेक नव्या फ्रिजमध्ये वापरला जाणारा आयसोब्युटेन वायू ज्वलनशील आहे, म्हणून साचलेला बर्फ सुरीने खरवडण्याचाही प्रयत्न करू नये. टोस्टरमधून ठिणग्या उडत असतील किंवा तो लावताच वीज जात असेल, तर तो तसाच बाजूला ठेवावा.

दोन घटकांच्या बाबतीत चाचणी, दुरुस्ती किंवा चाखून पाहणे असा मार्गच नाही. पहिला घटक कच्च्या मोडांचा. मोड ज्या उबदार ओलाव्यात येतात तोच जिवाणूंनाही मानवतो, आणि बियांवरच जिवाणू असतील तर धुण्याने ते जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांशी संबंधित ई. कोलाय या जिवाणूच्या साथीत ५० हून अधिक जणांचा मृत्यू झाला होता. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यासाठी मोड पूर्ण शिजवूनच घ्यावेत. दुसरा घटक तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणाचा. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला तशीच जागा हवी असते. असे तेल घरी केले तर फ्रिजमध्येच ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे किंवा फेकावे. त्यातील विषाला वास किंवा चव असेलच असे नाही.

खाल्ल्यानंतर जुलाबात रक्त दिसणे, ३८.९ अंशांहून अधिक ताप, पाणीही पोटात न ठरणे, तीन दिवसांहून अधिक चाललेले जुलाब, लघवी फार कमी होणे किंवा उभे राहिल्यावर चक्कर येणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. एकाची दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळता न येणे, किंवा ओठ-जीभ सुजून श्वास लागणे ही लक्षणे असतील तर सकाळपर्यंत थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. जाताना काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि ते किती वेळ बाहेर होते हे लिहून न्यावे, आणि उरलेले सँडविच बंद डब्यात, वर ‘खाऊ नये’ असे लिहून, फ्रिजमध्ये बाजूला ठेवावे. तपासणीसाठी ते मागितले जाऊ शकते.